सीतेची वेणी ओंडक्यावर बांधायची तर: आधी काय, मग काय, आणि कुठे हमखास चुकतं

पावसाळा सरला की हा प्रश्न ठरलेला. नर्सरीतून सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, आणली, लाकडावर बांधली, रोज न चुकता पाणी घातलं, आणि दिवाळी येईस्तोवर खालची सगळी पानं गळून वरची दोन पिवळी पानं आणि काळपट दांडा उरला, आता खत कुठलं देऊ आणि औषध कुठलं मारू? फोटो बघितला की कळतं, खताचा-औषधाचा काही संबंधच नाहीये. एकतर भलत्याच महिन्यात बांधलेलं असतं, नाहीतर सैल बांधलेलं असतं, नाहीतर मुळांवर मॉसचा (ओल धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) जाड थर दाबून बसवलेला असतो. पुष्कळदा तिन्ही.

म्हणून इथे बांधायचं काम पहिल्यापासून, क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका, कारण एकदा रोप बांधून झालं की मागची चूक दुरुस्त करायला ते परत सोडावं लागतं आणि प्रत्येक वेळी चार चांगली मुळं तुटतात.

काम सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ही वेणी, म्हणजे रिंकोस्टायलिस रेटुसा, आपल्याकडे सह्याद्रीत आंबा, जांभूळ, ऐन असल्या झाडांच्या खोडावर-फांद्यांवर वाढते. झाडाचा रस ती पीत नाही, नुसता आधार घेते. पाणी मिळतं ते पावसाचं आणि सालीवरून ओघळणारं, आणि ते आलं की थोड्या वेळात वाऱ्याने वाळूनही जातं. मुळं भिजली पाहिजेत आणि भिजल्यावर काही तासांत सुकलीही पाहिजेत, पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे. एरिडिस आणि व्हॅन्डा या ऑर्किडांनाही हीच पद्धत चालते. डेंड्रोबियम या ऑर्किडचं बांधणं असंच, पण हिवाळ्यातलं पाणी वेगळं, त्यामुळे ते इथे मिसळत नाही.

## १. रोप कुठलं घ्यायचं

जंगलातलं आणायचं नाही. राखीव जंगलातून झाडं काढणं भारतीय वन कायदा १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो, आणि "वाऱ्याने पडलेल्या फांदीवरचं होतं हो" हे तिथे ऐकून घेत नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणूनही तोट्याचंच आहे, कारण सालीला चिकटलेली मुळं खरवडून काढताना निम्मी तुटतात, आणि असं रोप जगवणं नर्सरीतल्या रोपाच्या मानाने फारच अवघड.

रस्त्याच्या कडेला जुडी बांधून विकतात ती बहुतेक जंगलातलीच. ओळखायला सोपी: मुळांना अजून सालीचे तुकडे चिकटलेले, मुळं एका रेषेत तुटल्यासारखी, पानांवर शेवाळाचे आणि लायकेनचे ठिपके, जुडीतली रोपं एकमेकांशी मापाने न जुळणारी. नर्सरीत बियांपासून लॅबमध्ये वाढवलेली रोपं साधारण एका मापाची असतात, बास्केटमध्ये नाहीतर कोळशात लावलेली असतात. कुठून आणलं ते दुकानदाराला सरळ विचारा, उत्तर टाळलं तर पुढे चला.

साइझ म्हणाल तर निदान पाच-सहा पानांचं आणि तीन-चार जिवंत मुळांचं रोप घ्या. अगदी पिटुकलं स्वस्तात मिळतं पण ते लगेच ओंडक्यावर तग धरत नाही, आधी बास्केटमध्ये मोठं करावं लागतं.

## २. वेळ: कॅलेंडर नंतर, मुळाचं टोक आधी

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. जुनी मुळं एकदा सुटली की नव्या लाकडाला चिकटत नाहीत, ती फक्त पाणी ओढत राहतात. लाकूड धरतात ती नवीन मुळं, आणि जुन्या मुळांची अजून वाढणारी टोकं. म्हणजे मुळं वाढत असतानाच बांधलं तर रोप पकडतं, झोपलेलं रोप बांधलं तर ते महिनोन्महिने नुसतं लटकत राहतं आणि हळूहळू सुकतं.

मुळाकडे जवळून बघा. अंगभर चंदेरी-पांढरं, आणि टोकाला अर्धा-एक सेंटिमीटर चकचकीत हिरवं किंवा जांभळट, ओलं असल्यासारखं दिसणारं टोक असेल तर मूळ वाढतंय. टोकापर्यंत सगळं पांढरं झालं असेल तर ते बंद झालंय, थांबा.

आपल्याकडे हे सहसा मे अखेर ते जुलै, म्हणजे रोहिणी-मृगाच्या आसपास जमून येतं. वेणी फुलतेही साधारण याच सुमाराला, मे-जूनमध्ये, तेव्हा फुलांचा घोस असेल तर तो संपू द्या आणि मग बांधा. डिसेंबर-जानेवारीत कुणी भेट दिलं तर आहे त्या बास्केटमध्येच ठेवा, घाई करू नका.

> चेक: निदान दोन मुळांना हिरवं टोक दिसतंय का? नसेल तर पुढच्या पायरीतलं लाकूड तयार करून ठेवा, रोपाला हात लावू नका.

## ३. लाकूड (किंवा दगड) निवडणं

लाकूड कठीण पाहिजे, साल खडबडीत पाहिजे आणि ती साल गळणारी नको. आंबा, जांभूळ, बाभूळ उत्तम. पेरू, निलगिरी, अर्जुन ही साल सोडणारी झाडं, वर्षभराने साल सुटते आणि तिच्यासकट सगळी मुळं खाली. शेवगा, पांगारा, सावर मऊ, दोन पावसाळ्यांत भुसा होतो. रंग, व्हार्निश लावलेलं किंवा प्लायवूड नको. खाडीत-समुद्रात वाहून आलेलं लाकूड दिसायला भारी असतं पण मीठ मुरलेलं असतं, ते नकोच. नारळाच्या सोडणाचे तुकडे सगळीकडे विकायला असतात, पण ते पाणी फार वेळ धरून ठेवतं, लवकर कुजतं आणि मग रोप परत हलवायची वेळ येते, म्हणून मी त्याच्या बाजूचा नाही.

ओंडका रोपापेक्षा मोठाच घ्या. ही मुळं हातभर लांब जातात, बोटभर तुकड्यावर बांधलं तर दुसऱ्याच वर्षी हवेत लोंबकळायला लागतात. त्याने रोप मरत नाही, पण मग लाकडाचा उपयोग काय?

दगडावर बांधायचं असेल तर जांभा चांगला, सच्छिद्र असतो, थोडी ओल धरतो आणि मुळांना पकड मिळते. काळा दगड दुपारच्या उन्हात इतका तापतो की चिकटलेलं मूळ भाजून निघतं, त्यामुळे दगड असेल तर फक्त सकाळचं ऊन येणारी जागा. सिमेंटचा ठोकळा वापरू नका, त्यातून चुना उतरत राहतो.

अंगणातल्या जिवंत झाडावर बांधणं तर सगळ्यात सोपं, आंबा-चिकू दोन्ही चालतात. पण त्या आंब्यावर मोहोराच्या वेळी फवारणी होत असेल तर नको, विशेषतः बोर्डो मिश्रण वगैरे तांब्याची औषधं मारत असाल तर. मुळं उघडीच असतात, सगळं त्यांच्यावरच पडतं.

तोडलेलं लाकूड आणल्यावर:

१. तारेच्या ब्रशने सुटी साल, माती, वाळवीची घरं काढून टाका.
२. दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला. पहिल्या दिवशी पाणी चहासारखं होतं, ते फिकं होत गेलं पाहिजे.
३. कडक उन्हात पूर्ण वाळवा.
४. हुक आत्ताच बसवा. रोप बांधून झाल्यावर ड्रिल मारायला गेलात की धक्क्याने सगळं सैल होतं. स्टीलचा हुक चांगला, तांब्याची तार कुठेही वापरायची नाही.

हुक बसवून ओंडका टांगून बघा, कसा लटकतो, कुठली बाजू पुढे येते. रोपाची जागा टांगलेल्या स्थितीत ठरवायची, टेबलावर आडवा ठेवून ठरवली तर टांगल्यावर हमखास भलतीकडे तोंड होतं.

## ४. रोपाची तयारी

कोरडी मुळं कडक असतात, वाकवली की कटकन मोडतात. पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेवा. चंदेरी मूळ बघता बघता हिरवं होतं, आणि त्या हिरव्यावर बारीक पांढऱ्या रेघा-ठिपके तसेच राहतात. हे बघून बरेच जण बुरशी समजून औषध मारतात. ती बुरशी नाही, मुळाच्या हवा घेण्याच्या जागा आहेत, तिथे पाणी शिरत नाही म्हणून पांढऱ्या दिसतात. सोडून द्या.

आता बास्केटमधून सोडवा. मूळ प्लॅस्टिकच्या जाळीत गुंतलं असेल तर मूळ ओढू नका, जाळी कापा. कोळसा मुळाला घट्ट चिकटला असेल तर राहू द्या, त्याने काही बिघडत नाही.

मेलेली मुळं कापायची, पण मेलेलं कुठलं ते दाबून ठरवा, रंगावर जाऊ नका. बोटाने दाबल्यावर चिपाड होतं, आत नुसता दोऱ्यासारखा धागा लागतो, ते मेलेलं. टणक असेल तर तपकिरी दिसलं तरी ठेवा.

कात्री किंवा ब्लेड आधी ज्योतीवर धरा नाहीतर स्पिरिटने पुसा, आणि दुसऱ्या रोपाकडे जाताना पुन्हा पुसा. ऑर्किडचे विषाणू रसातून पसरतात आणि त्यांच्यावर इलाज नाही, त्यामुळे हा कंटाळा महागात पडतो. कापलेल्या तोंडावर चिमूटभर दालचिनी पूड चालते, पण फक्त कापलेल्या तोंडावर. चांगल्या मुळांवर भुरभुरलीत तर तीही सुकतात.

कापाकापी जास्त झाली असेल तर रोप एक दिवस सावलीत वाऱ्यावर उघडं ठेवा, जखमा वाळू द्या, आणि मग दुसऱ्या दिवशी बांधायच्या आधी मुळं परत थोडी भिजवून घ्या.

## ५. बांधणं

दोरी काय घ्यायची यावर लोक उगाच भांडतात. जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या पट्ट्या मला सगळ्यात बऱ्या वाटतात, ताणल्या जातात आणि कापत नाहीत. जाड सुती दोराही चालतो. मासेमारीचा तंगूस पातळ असतो, घट्ट ओढला की मुळात रुततो. सुतळी पहिल्याच पावसाळ्यात कुजते, मुळं धरायच्या आधीच. फेव्हिक्विक, ग्लू गन, खिळे यातलं काहीही नको.

१. रोप लाकडावर धरा आणि शेंडा थोडा बाहेर, बाजूला कललेला ठेवा. अगदी सरळ आकाशाकडे तोंड केलं तर पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साठतं आणि शेंडा सडतो, आणि या रोपाला शेंडा एकच असतो, तो गेला की बहुतेक सगळं गेलं.

२. पहिला वेढा दांड्याच्या तळाला, सगळ्यात खालच्या पानाच्या खाली. हा वेढा घट्ट. सगळं वजन यानेच पेलायचंय.

३. मग मुळं सालीवर पसरा, जशी जातील तशी. जबरदस्तीने वळवू नका, एखादं हट्टाने हवेत राहत असेल तर राहू दे.

४. मुळांवर दोन-तीन वेढे, मुळं सालीला टेकतील एवढेच. हिरव्या टोकावरून दोरा जाऊ द्यायचा नाही, टोक चेपलं की ते मूळ तिथेच थांबतं.

५. गाठ मागच्या बाजूला.

मॉसचं काय? कोकणात किंवा घाटमाथ्यावर, जिथे पावसाळ्यात हवाच ओली असते, तिथे मॉस अजिबात नको. कोरड्या गावात, देशावर-विदर्भात, मुळांच्या खाली नारळाच्या केसरांचा किंवा मॉसचा कागदाइतका पातळ थर चालेल. मुळांच्या वर नाही आणि दांड्याच्या तळाला तर मुळीच नाही. "सुकेल ना हो" या भीतीने जे वरून झाकलं जातं, त्यानेच रोप सडतं.

> चेक: ओंडका हातात धरून चांगला हलवा. रोप लाकडाबरोबर एकसंध हललं पाहिजे. दांडा जरासाही स्वतंत्र डुलत असेल तर सोडून परत बांधा. वाऱ्याने रोप हललं की नवीन मुळाचं कोवळं टोक सालीवर घासून मरतं आणि तुम्हाला ते कळतही नाही, फक्त "मुळं येतात पण धरत नाहीत" एवढंच दिसतं.

## ६. पहिला महिना

थेट ऊन नाही, खत नाही. उजेड भरपूर, वारा खेळता, पावसाचा मारा थोडा अडवलेला. खालची पानं जरा सुरकुततील, मुळं कमी झाली की रोप पानांतलं पाणी वापरतं. त्यावर घाबरून दिवसातून पाच वेळा पाणी मारू नका. सकाळी एकदा नीट, आणि हवा फार कोरडी असेल तर दुपार व्हायच्या आत हलका फवारा.

महिन्याभराने हळूहळू उजेड वाढवा. पन्नास टक्क्यांची शेडनेट, किंवा सकाळी नऊ-दहापर्यंतचं ऊन. पुढे पानांचा रंगच सांगतो: गर्द हिरवी म्हणजे उजेड कमी पडतोय, पोपटी-हिरवट म्हणजे बरोबर, लालसर-जांभळी झाक म्हणजे आता याच्या पुढे नको, आणि पांढरा चट्टा पडून नंतर काळा झाला तर भाजलं. भाजलेला चट्टा परत हिरवा होत नाही, पण पान कापायची गरज नाही, उरलेला भाग काम करतो.

## ७. पाणी: किती यापेक्षा कसं

दोन वेळा घाला, मध्ये पाच-सात मिनिटं सोडून. पहिल्या पाण्याने मुळाचं वरचं स्पंजसारखं आवरण नुसतं ओलं होतं आणि बरंचसं पाणी ओघळून जातं, दुसऱ्या पाण्यात ते खरं भरतं. सगळी मुळं हिरवी झाली की पुरे. चंदेरी पट्टे उरले असतील तर त्या बाजूला पाणी पोचलेलं नाही.

> चेक: पाणी दिल्यावर तीन-चार तासांनी बघा. मुळं परत चंदेरी झाली असतील तर जागा बरोबर आहे. संध्याकाळपर्यंत हिरवीच असतील तर पाणी कमी करून उपयोग नाही, वारा कमी पडतोय, ओंडका हलवा.

उन्हाळ्यात रोज सकाळी, फार तापलं तर दुपारी चारच्या सुमारास परत एकदा. रात्री शेंड्यात पाणी राहता कामा नये, राहिलं तर टिश्यूने टिपून घ्या. पावसाळ्यात उघड्यावर असेल तर वेगळं पाणी द्यायचं नाही, मात्र आठ-दहा दिवस सलग झड लागली आणि जागा कोंदट असेल तर ओंडका वळचणीखाली घ्या. थंडीत दोन-तीन दिवसांतून एकदा. आणि थंडीतली ही कोरड टाळू नका, बारा महिने सारखं भिजत ठेवलेलं रोप पानं काढत राहतं आणि फुलायचं विसरतं.

बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा खर बसतो. पावसाचं पाणी साठवता आलं तर बघा, नाहीतर पावसाळ्यातला पाऊस तरी अंगावर घेऊ द्या, बराचसा खर धुऊन जातो.

## ८. खत, थोडक्यात

नवीन मुळाचं टोक दिसलं की सुरू, थंडी लागली की बंद. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि आधी ओल्या केलेल्या मुळांवर. कोरड्या मुळांवर खत पडलं की टोकं जळतात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने भरपूर धुवा. शेणखत, गांडूळखत, ताक, तांदळाचं पाणी यातलं काही ओंडक्यावर ओतू नका. मुळांवर साका बसतो, बुरशी येते, आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

## ९. कशाकडे लक्ष ठेवायचं

पावसाळ्यात मुळांची हिरवी टोकं एका रात्रीत कातरल्यासारखी गायब झाली तर गोगलगाय आहे. दिवसा दिसणार नाही, रात्री टॉर्च घेऊन बघा, ओंडक्याच्या मागच्या बाजूला सापडते. हाताने वेचणं हाच सगळ्यात खात्रीचा उपाय.

मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्यांच्या मागे लागण्याआधी पानांच्या बेचक्यात बघा, तिथे खवले कीड नाहीतर पिठ्या ढेकूण असतो. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा आणि आठवड्याने परत पुसा.

सगळ्यात खालचं एखादं पान वर्षाकाठी पिवळं पडून गळणं नॉर्मल आहे. वरचं पान हातात अलगद सुटून आलं, तळाशी काळपट-ओलसर दिसलं आणि घाण वास आला, तर शेंडा सडतोय. पाणी लगेच बंद करा, सडलेला भाग निरोगी पांढरट भागापर्यंत स्वच्छ ब्लेडने कापा, बुरशीनाशक लावून रोप कोरडं ठेवा. मुळं चांगली असतील तर कधी कधी खालून बाजूचा फुटवा येतो. नसतील तर प्रयत्न करून बघा, पण फार आशा ठेवू नका.

## १०. दोरा कधी सोडायचा, आणि फुलं

निदान दोन-तीन नवीन मुळं सालीवर चपटी होऊन चिकटली पाहिजेत. नखाने हलकं उचलून बघा, उचललं गेलं नाही तर धरलंय. त्याआधी दोरा काढायची घाई नको, एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, दुसराही लागला तरी हरकत नाही. काढताना दोरा ओढू नका, मागच्या बाजूने कापा आणि जिथे मूळ दोऱ्यावरून वाढलंय तिथे तो तुकडा तसाच सोडा.

बांधल्याच्या वर्षी फुलांची वाट बघू नका. पुढे मोठं रोप असूनही फुलत नसेल तर पहिला संशय उजेडावर घ्या आणि दुसरा थंडीत चालू ठेवलेल्या पाण्यावर.

फुलांचा दांडा पानाच्या बगलेतून निघतो, मुळासारखाच दिसतो सुरुवातीला. फरक असा की मुळाचं टोक गुळगुळीत गोल असतं, दांड्याचं टोक जरा चपटं आणि बारीक खवल्यांचं. तो दिसला की ओंडक्याची दिशा बदलू नका. फोटोसाठी रोज फिरवत राहिलात तर दांडा उजेडाकडे वळत राहतो आणि घोस सरळ लोंबायच्या ऐवजी वेडावाकडा होतो. फुलं दोन-तीन आठवडे टिकतात, त्यांच्यावर पाणी मारायचं नाही, फक्त मुळांवर. सुकल्यावर दांडा तळापासून सेंटिमीटरभर ठेवून कापा, ब्लेड परत एकदा पुसून.